एअर फिल्टरमधली लाल माती

वडिलांचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला, अप्पांची पिकअप ओढत नाही, एअर फिल्टर बदलून आण. गॅरेजमध्ये मिस्त्रींनी दोन नवे फिल्टर काढले, एक साधा आणि एक जाड, धुळीच्या रस्त्यांसाठीचा.

"ताई, गाडी कुठं चालते?"

"शेत आणि मार्केट यार्ड. बाकी कुठं नाही."

त्यांनी जुना फिल्टर टायरवर आपटला. घड्यांमधून लाल माती सांडली. इथली, माहेरची जमीन तर काळी कुळकुळीत.

"ही घाटाखालची माती. एका खेपेत एवढी बसत नाही."

घाटाखाली माझं घर आहे. त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून अप्पा सात वर्षं माझ्याशी बोलले नाहीत, दारात आले नाहीत. हट्टाने मीही फोन केला नाही.

माणूस तोंड घट्ट मिटून घेऊ शकतो. श्वास मात्र त्याला घ्यावाच लागतो, आणि जिथं घेतला तिथलं थोडंसं सोबत येतंच. आमच्या कच्च्या रस्त्याच्या वळणावर ते थांबत असतील. दोरीवर वाळणारे लेकरांचे कपडे बघून परत फिरत असतील. इंजिन बंदही करत नसतील. तो आवाज मी ऐकलाही असेल, आणि असेल कुणाची तरी गाडी म्हणून तव्यावरची भाकरी उलटली असेल.

"मग धुळीच्या रस्त्याचा देऊ ना?" मिस्त्रींनी विचारलं.

"नको, साधाच द्या," मी म्हटलं. "तिकडं जाणारं आता कुणी नाही."