हौश्याच्या कपाळावरचं मेडल

लष्कराचं मेडल लावून शर्यतीत पळालेला बैल आमच्या महाळुंगे पडवळात एकच झाला, आणि तो माझा होता. बैलाचा यात काही दोष नाही, हे आधीच सांगतो. (माझा आहे. तेच सांगायला बसलोय.)

मेडल माझ्या चुलत्याचं. अण्णा फौजेत हवालदार होते. बर्फात दोन हिवाळे काढल्याबद्दल त्यांना ते मिळालेलं. वारण्याआधी त्यांनी ते काकीच्या हातात ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "जप." काकीनं जपलं. लोखंडी पेटीत, लग्नातल्या शालूच्या घडीत. पेटीची किल्ली मात्र तिनं विश्वासानं माझ्याकडे दिली, कारण तिचे सगळे कागद मीच बघायचो.

तीन वर्षांपूर्वी, बैलगाड्यांच्या शर्यतीवरची बंदी उठल्यावर, आमच्या यात्रेत पहिल्यांदा शर्यत भरली. आमच्या घराची रीत अशी, की गाड्याला जुंपायच्या बैलाच्या कपाळाला घरातलं काहीतरी मानाचं बांधायचं. आजोबा चांदीचा करगोटा बांधत. तो वाटणीत थोरल्या घरी गेला. मी घरभर नजर फिरवली. मानाचं असं आमच्याकडे एकच उरलं होतं. काकी लेकीकडे डिंभ्याला गेलेली. एका दिवसाचा तर प्रश्न, असं म्हणत मी पेटी उघडली.

हौश्या काय पळाला म्हणून सांगू! निशाण पडलं, भंडारा उधळला, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गाडा शर्यतीची चढण चढून वर. पहिला नंबर! पण हौश्याला नंबर आल्याचं कुणी सांगितलं नाही. तो तसाच पुढे गेला, पाटलांच्या टोमॅटोच्या प्लॉटमधून पार कालव्यापर्यंत. तिथे आम्ही त्याला धरला, तेव्हा कपाळावर रिबन होती. नुसती रिबन.

दोन दिवस मी त्या चढणीवरचा भंडारा पिठाच्या चाळणीनं चाळला. लोकांना वाटलं, नंबर आला म्हणून माणूस देवाचा प्रसाद गोळा करतोय. दोघांनी माझ्या पाया पडून घेतलं.

काकी परत आली. दिवाळीच्या साफसफाईत तिनं पेटी उपसली, तर शालूच्या घडीत मेडल नाही. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी काय केलं? तिच्याबरोबर शोधायला लागलो! तीन दिवाळ्या शोधलं. एकदा तर धान्याच्या कणगीत उतरून तळाशी हात घालून बघितलं. मेडल तिथं नाही हे अख्ख्या जगात फक्त मलाच ठाऊक होतं, तरी इतक्या मनापासून शोधलं की अंगभर पुरळ उठलं. काकी खोबरेल चोळत म्हणाली, "बाळू, किती करतोस रे माज्यासाटी." ते खोबरेल फार झोंबलं.

मग यंदा फोन आला. पुण्याच्या लष्कराच्या एरिया हेडक्वार्टरमधून. (काकीचा म्हणून नोंदवलेला नंबर माझाच.) त्यांचे एक सुभेदार साहेब गावोगावच्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना घरी जाऊन भेटत होते. काय अडचण असेल ती लिहून घ्यायची, असं काम. काकीला सांगितलं तर ती म्हणाली, "मला एकच सांगायचंय. मेडल हरवलं. दुसरं मिळंल का इचारते."

लिहून घेणार म्हणजे कधी, कुठे, कसं, सगळं विचारणार. काकी आणि सुभेदार यांची गाठच पडता कामा नये. आणि आमच्या गावात दोन माणसांना एकमेकांशी बोलू द्यायचं नसेल, तर खात्रीचा उपाय म्हणजे सत्कार.

मी सरपंचांना गाठलं. हे एरिया हेडक्वार्टर नेमकं काय असतं हे मलाही माहीत नव्हतं, पण लढाईचे हुकूम तिथूनच सुटतात असं मी ठोकून दिलं. साहेब यायच्या आदल्या दिवशीच मांडव उभा राहिला. शाली, नारळ, फेटे, माईक. काकीला म्हटलं, साहेबांना तुझ्या हातची मासवडी खायची आहे. मासवडीत बाई एकदा अडकली की बेसन शिजवा, सारण भरा, वड्या कापा, सकाळ संपते. माझ्या या हुशारीचा त्या वेळी मला अभिमान वाटला होता, हेही कबूल करतो.

साहेब आले. रणगाडा बघायला जमलेली माणसं जीप बघून थोडी खट्टू झाली. फेटा बांधून साहेबांना मधल्या खुर्चीत बसवलं. शेजारी 'वीरपत्नी' अशी चिठ्ठी लावलेली खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून मी तीत बसलो.

सरपंचांनी भाषणात मागणी केली, की बिबट्यांनी लई वैताग दिलाय, तर लष्करानं उसाला वेढा घालावा. टाळ्या पडल्या. साहेब उठले. बोलण्यावरून साताऱ्याकडचे वाटले. शांतपणे म्हणाले, "राव, आमचं हेडक्वार्टर लढाई करत नाही. लढणारे पुढं असतात. आम्ही मागची व्यवस्था बघतो. छावणीच्या जागा, दवाखाना, पूर आला तर कलेक्टरांना मदत. आणि जे लढून घरी आले, त्यांच्या माणसांची विचारपूस. त्यासाठीच आलोय. सीताबाई कुठायत?"

सगळ्यांनी माझ्या खुर्चीवरची चिठ्ठी वाचली. मग माझ्याकडे बघितलं.

सीताबाई, म्हणजे आमची काकी, चुलीपुढे होती. साहेब फेट्यासकट स्वयंपाकघरात गेले आणि पाटावर बसले. मागोमाग मी, सरपंच आणि मावेल तेवढं गाव. साहेबांनी अर्ज काढला. मेडल कसं हरवलं, विचारलं.

काकीनं पिठाचे हात पदराला पुसले. "पेटीत व्हतं. मीच कुटंतरी ठिवलं आसंल. त्यांनी जप म्हनून दिलं, आन् माज्याच्यानं जपलं न्हाई. लिवा, म्हातारीच्या हयगयीनं हरवलं."

साहेबांनी तसं लिहिलं. काकीनं सहीसाठी पेन धरलं. माझा बांध तिथे फुटला.

"काकी, सही करू नको. मेडल हौश्याच्या कपाळाला होतं."

साहेबांनी विचारलं, "हौश्या म्हणजे तुमचा मुलगा?"

"बैल," मी म्हणालो.

साहेबांनी आधीचं वाक्य खोडलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "नंबर आला का?"

"पहिला."

ते त्यांनी लिहिलं नाही. पण मान हलवली.

काकी माझ्याकडे बघत होती. "कनगीत उतरलावतास तू," ती म्हणाली. एवढंच. मला कुणीतरी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग तिनं सगळ्या पंगतीला मासवडी वाढली. माझ्या ताटात भाकरी आणि मीठ.

दोन महिन्यांनी पत्र आलं. हरवतेवेळी पदक ज्याच्या अंगावर होते, त्याचे नाव व कुटुंबाशी नाते कळवावे. नाव लिहिलं, हौश्या. नात्याच्या रकान्यापुढे दोन दिवस अडलो. शेवटी लिहिलं, घरचा.

गेल्या महिन्यात तेच साहेब नवं मेडल घेऊन आले. काकीनं ते अण्णांच्या फोटोला टेकवलं, डोळे पुसले. मी घसा साफ करून म्हणालो, "काकी, एकदा हातात घेऊन बघू?"

ती मेडल घेऊन उठली आणि माझ्यासमोरून सरळ गोठ्यात गेली. हौश्याच्या डोळ्यांपुढे ते धरलं, त्याला नीट बघू दिलं, आणि परत येऊन पेटीत ठेवून कुलूप घातलं.

"त्यानं नंबर तरी आनलावता," ती म्हणाली.

पेटीची किल्ली आता गोठ्यात, हौश्याच्या मागच्या खुंटीला असते. मी दारात दिसलो तरी तो शिंगं खाली करतो. काकी म्हणते, घरात तेवढा एकच भरवशाचा गडी आहे.