चर्चमागचे प्लॉट

नव्वदच्या दशकात नव्या नोकरीसाठी शिकागोहून पश्चिम किनाऱ्याकडच्या बॉथेलला ड्राइव्ह करत निघालो होतो. मोंटानाच्या ओसाड माळावर गाडीतला गॅस, म्हणजे पेट्रोल, संपला. जुन्या पिकअपमधून एक म्हातारे कॅथलिक फादर मदतीला आले. कॅनमधला गॅस ओतता ओतता त्यांनी विचारलं, "मुलं आहेत?"

"एक मुलगी."

त्यांनी मला थेट त्यांच्या गावातल्या चर्चमागच्या गवतात नेलं. तिथे खुंट्या ठोकून, दोऱ्या बांधून घरांचे प्लॉट आखले होते. राहायला येईल त्याला फुकट. गावच्या शाळेत सहाच मुलं उरली होती. गुरं रोज खुंट्या पाडायची आणि फादर रोज गुडघे टेकून त्या पुन्हा ठोकायचे.

"इतक्या वर्षांत कोणी आलं?"

"तू आलास की."

"मी गॅस संपला म्हणून आलो, फादर!"

"इथलं पहिलं घर गाडीचा बैल मेला म्हणून अडकलेल्या माणसाने बांधलंय."

बोलता बोलता त्यांनी आणखी एक खुंटी ठोकली आणि माझं आडनाव विचारून तिच्यावर लिहिलं.

"मी राहणार नाहीये."

"नको राहूस. खुंटी मी काढणार नाही."

पुढे बॉथेलमध्ये व्हिसाच्या कटकटीने जीव मेटाकुटीला आला, की मी मनातल्या मनात म्हणायचो, हाकलून तर बघा. माझी खुंटी आहे इथे.