खिडकीखालचं इंग्रजी

"आय हॅव सिन्ड. म्हण. मी पाप केलं आहे. मोठ्यानं म्हण!"

मास्तर खिडकीच्या आत. मी बाहेर, अंगणात उकिडवा. आतल्या मुलांना दुसरी वाक्यं होती. मी आंबा खाल्ला आहे. मी धडा वाचला आहे. मला हे.

मी म्हटलं. आत सगळे फिदीफिदी हसले.

"जीभसुद्धा कातड्याचीच रे तुझी," मास्तर म्हणाले.

शाळेत शिवाशिव पाळायची नाही, असा महाराजांचा हुकूम निघाला होता. मास्तरांच्या घराला तो लागू नव्हता. आणि माझं शाळेत बसायचं वय कधीच सरलं होतं. म्हणून मी सौदा केला होता. इंग्रजी व्याकरणातल्या एका काळाला एक चपलांचा जोड. साधे तीन काळ झाले, तीन जोड गेले. मी जोड उंबऱ्याबाहेर ठेवायचो, मास्तर त्यावर पाणी शिंपडायचे, मग पायात घालायचे.

हा चौथा, पूर्ण वर्तमानकाळ, मला हवाच होता. छावणीतला साहेब माझीच खोगिरं वापरायचा. विकायचा मात्र दलाल. कारागीर माझ्या पदरचे, असं तो साहेबाला सांगायचा. मला साहेबापुढं उभं राहून एवढंच म्हणायचं होतं : आय हॅव मेड धिस. हे मी केलं आहे. मास्तरांना मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

त्या दिवशी हसणं थांबल्यावर मास्तर म्हणाले, "हा काळ अवघड. याला दोन जोड पडतील. दुसरा माझ्या मेहुण्याला."

मेहुण्याच्या पावलाची आकृती काढलेला कागद त्यांनी खिडकीतून खाली टाकला. मी उचलला. डावी करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. हे पाऊल मी ओळखत होतो. दलालाचं पाऊल.

कागद फाडला. उंबऱ्याबाहेर त्या दिवशी आणलेला जोड तसाच होता, तो काखोटीला मारला.

"मास्तर, सौदा मोडला."

मास्तर ओरडले नाहीत. खिडकीचे गज धरून हळूच म्हणाले, "छावणीची वाट ओढ्यावरूनच जाते ना रे? एकटाच जातोस?"

"व्हय, एकटाच. मेव्हण्यास्नी सांगा की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी नवं खोगीर खांद्यावर टाकून निघालो. ओढ्याच्या पुलावर दोघं बसले होते. मांडीवर काठ्या आडव्या. वाटेवर दुसरं माणूस नव्हतं.

"पावणं, कुठं?"

"सायबाकडं."

"कशाला? बोलायला दलाल हाईत की."

दोघं उठले.

मी वाट बदलली नाही. मास्तरांनी दिलेल्या वाक्यातलं पाप मी रात्रीच काढून टाकलं होतं. त्या जागी माझं काम बसवलं होतं. हाड मोडलं तर मोडू दे. माझ्या हातच्या कामाबद्दल यापुढं दुसरा कुणी बोलणार नाही.

मी पुलावर पाय ठेवला.