मढवीकाकांचं राहिलेलं रॉकेट

आमच्या आणि मढवींच्या घरामध्ये एकच भिंत आहे आणि तीही बिल्डरने नुसती नावाला घातलेली. त्यामुळे कळव्याच्या आमच्या इमारतीत मला करमणुकीसाठी टीव्हीची गरज पडत नाही. मढवीकाका आणि रतनकाकू रोज भांडतात. चहात साखर कमी पडली म्हणून, पंखा कुणी चालू ठेवला म्हणून, कोळंबीत कोकम जास्त झालं म्हणून. काकू आगरी ठसक्यात सुरुवातीलाच बाजी मारतात. मग हरायची वेळ आली की काका शेवटचं अस्त्र काढतात.

"तुझ्यापायी माझं रॉकेट बघायचं राहिलं!"

की काकू गप्प. मी इथे नवीन राहायला आले तेव्हा मला वाटलेलं, काकांना कुठे अंतराळात वगैरे जायचं होतं की काय. मग एकदा काकूंनीच मटार सोलता सोलता सगळं सांगितलं.

कुंडलिक मढवी मूळचे इथलेच, खाडीकाठचे. वडील मिठागरात राबलेले. काका मात्र मीठ सोडून हवाई दलात भरती झाले आणि आर्मरर झाले. आर्मरर म्हणजे विमानाला शस्त्रं चढवणारा माणूस. काकांकडे रॉकेट पॉड होते. पॉड म्हणजे लढाऊ विमानाच्या पंखाखाली टांगलेलं एक लांबट पिंप. आत नळ्याच नळ्या आणि प्रत्येक नळीत एक रॉकेट. हे साधं रॉकेट, त्याला पुढे काही दिसत नाही की ऐकू येत नाही. वैमानिकाने विमानाचं नाक जिकडे रोखलं तिकडे ते सुसाट जाणार, मध्येच वळणार नाही.

काकांना या विषयावर कुणी काही विचारू नये, कारण मग ते थांबत नाहीत. लिफ्टमध्ये भेटले तरी सुरू. दुसऱ्या महायुद्धात म्हणे रॉकेटं पंखाखाली पट्ट्यांना उघडीच लटकवायचे. त्या रॉकेटांचे शेपटीचे पंख पसरलेले, त्यामुळे जागा खायची. पुढे कुणाच्या तरी डोक्यात आलं की पंख छत्रीसारखे मिटून घ्यावेत, नळीबाहेर पडल्यावर ते आपोआप उघडतील. मग एकेका पॉडमध्ये रॉकेटांची अख्खी जत्रा मावायला लागली. सुरुवातीला ही रॉकेटं शत्रूची बॉम्बर विमानं पाडायला वापरायचे, पण त्या कामाला मागावर जाणारी क्षेपणास्त्रं आली आणि ही बिचारी जमिनीवरच्या माऱ्याला लागली. "आता तर जुन्या रॉकेटलाही लेझरचे डोळे बसवतात," काका सांगतात, तेही सून हाताबाहेर गेल्याच्या सुरात. तोवर लिफ्ट दोनदा खालीवर झालेली असते.

तर, अशी रॉकेटं काकांनी उभी नोकरी विमानांना चढवली आणि त्यातलं एकही सुटताना पाहिलं नाही. विमानं लांब वाळवंटातल्या मैदानावर जाऊन रॉकेटं सोडायची. काका तळावरच. उड्डाणाआधी पॉडच्या पिना उपसायच्या, त्यांच्या लाल फितींचा झुबका हात वर करून वैमानिकाला दाखवायचा. त्याने आतून अंगठा दाखवला की काम संपलं. मग विमानाकडे पाठ करून, खाली बसून, कान दाबायचे, कारण इंजिनाचा झोत माती घेऊन अंगावर येतो. तासाभराने विमान परत यायचं, तेव्हा नळ्या रिकाम्या आणि आत काजळी. काकांच्या वाट्याला कायम काजळी आली.

एकदाच त्या मैदानावर जाऊन बघायची पाळी आली, तीही नेमकी त्यांच्या लग्नाच्या आठवड्यात. इकडे मांडव पडलेला, हळदीला अख्खं गाव जेवणार. काका गाडीत बसून घरी आले, लग्न केलं आणि ती पाळी पुन्हा कधीच आली नाही.

"मी सांगलेलं काय त्याना, का या म्हनून?" काकू मला म्हणाल्या. पण हातातली शेंग त्यांनी बराच वेळ तशीच धरून ठेवली होती.

यंदाच्या दिवाळीत आमच्या इमारतीतल्या पोरांनी बाटलीत रॉकेट लावलं. बाटली आडवी झाली आणि रॉकेट थेट दुसऱ्या मजल्यावर, आबांच्या गॅलरीत. आबा आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. त्यांची वाळत घातलेली लुंगी होती, तिला मधोमध भोक पडलं. आबांनी ती लुंगी मीटिंगला पुराव्यादाखल आणली, सगळ्यांना उलटसुलट करून दाखवली आणि इमारतीत रॉकेटबंदी जाहीर केली. पोरं हिरमुसली. घराघरात रॉकेटं उरलेली. ती नेहमी तुळशीच्या लग्नाला उडवायची असतात.

मढवीकाका उठले. "आबा, रॉकेटचा काय दोष? जिकडे तोंड केलं तिकडे गेलं. दोष बाटलीचा आहे. तुळशीच्या लग्नाला मी सोडतो. जबाबदारी माझी."

"आणि आलं माझ्या गॅलरीत तर?"

"तर माझी लुंगी तुमची."

मीटिंग हसली आणि आबांचा नाइलाज झाला.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी गच्चीवर पॉड बनवायला घेतला. प्लंबरने टाकलेले पाइपाचे तुकडे, मध्ये एक, भोवती सहा, वरून पत्र्याचं कडं. प्रत्येक नळीच्या तोंडाशी आडवा खिळा, म्हणजे खिळा काढल्याशिवाय रॉकेट हलणार नाही. खिळ्यांना लाल फिती हव्यात म्हणून ते काकूंकडे गेले. काकूंनी तुळशीच्या चुनरीचं उरलेलं कापड दिलं आणि वर विचारलं, "सगला हाय, पन तुमी बगनार का?"

"हे काय विचारणं झालं? माझाच पॉड, मी नाही बघणार?" काकांची छाती फुगलेली मी स्वतः पाहिली. कामावर जाताना आणि येताना मी गच्चीवर डोकावत होते, कारण मलाही आता त्या रॉकेटाची काळजी लागली होती. माणसाने एवढी वर्षं वाट बघितली, आता तरी दिसायला पाहिजे की नको?

तुळशीचं लग्न गच्चीवरच होतं, त्या संध्याकाळी काकांनी सगळ्यांना कामाला लावलं. खाडीकडच्या गॅलऱ्यांतले कपडे आत. पोरं दोरीच्या मागे. पॉडचं तोंड खाडीवरच्या मोकळ्या आभाळाकडे. काकांनी एक डोळा मिटून ते इतक्या वेळा तपासलं की भटजींनी विचारलं, "मुहूर्त तुमचा की तुळशीचा?"

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. काकांनी खिळे उपसले आणि लाल फितींचा झुबका हात उंच करून आबांना दाखवला. अध्यक्ष म्हणजे वैमानिक, असा त्यांचा हिशोब असावा. आबांना काय ते कळेना. त्यांनी घाईघाईने हात जोडले. काकांनी तेवढ्यावर समाधान मानलं, लांब काठीला बांधलेल्या उदबत्तीने सगळ्या रॉकेटांना जोडलेली वात पेटवली आणि मागे आले.

आणि मग सवयीने, कुणी काही म्हणायच्या आत, पॉडकडे पाठ करून खाली बसले आणि कान दाबले.

"काका! काका, बघा!" मी ओरडले. कान दाबलेल्या माणसाला काय ऐकू जाणार? एकामागून एक रॉकेटं सुटली. अशी सरळ, अशी देखणी, की आबासुद्धा "वा!" म्हणाले. खाडीवर लाल-हिरवी फुलं पडली, पोरं नाचायला लागली. काका उठले तेव्हा आभाळात नुसता धूर होता. ते पॉडकडे गेले. नळीत बोट घातलं, काजळी पाहिली.

"गेली सगळी," ते म्हणाले. मग त्यांना कळलं आपण काय केलं ते. ते हसायला गेले, पण ते हसू काही त्यांना जमलं नाही. मला इतकं वाईट वाटलं की हातातला बत्तासा मी शेजारच्या पोराला देऊन टाकला.

तेवढ्यात रतनकाकू तुळशीपाशी ठेवलेलं ताट घेऊन आल्या. ताटात ऊस, चिंच, आवळा आणि त्यांच्या शेजारी एक रॉकेट.

"मना ठावं होतं, तुमी पाठ करनार," त्या म्हणाल्या. "म्हनून यो एक काढून ठेवलेला."

"अगं, पण लावायचं तर मीच..."

"तुमी नाय. तुमी थय खुर्चीवर बसाचं. तोंड हिकडं करून."

काका बसले. काकूंनी रॉकेट मधल्या नळीत सोडलं, खिळा आडवा घातला, पदर कमरेला खोचला आणि एक डोळा मिटून पॉडचं तोंड पाहिलं.

"तुला कुणी शिकवलं?" काकांनी विचारलं.

"रोज भांडताना शिकवताव की."

मग त्यांनी खिळा उपसला, काकांकडे वळल्या आणि लाल फीत हात उंच करून धरली. तशाच उभ्या राहिल्या. काका बघतच राहिले. उभा जन्म ते त्या फितीच्या या बाजूला होते, त्या बाजूला, वैमानिकाच्या जागी, कधी बसलेच नव्हते. हळूच त्यांचा हात वर आला आणि त्यांनी अंगठा दाखवला.

काकूंनी वात पेटवली. फुर्रर्र करून रॉकेट निघालं. काका खुर्चीतून उठले, मान वर करत करत पार टाचांवर आले. रॉकेट खाडीवर चढलं, थोडं तिरकं झालं आणि फुटलं. सोनेरी होतं. शेवटची ठिणगी विझेपर्यंत काका हलले नाहीत.

"डावीकडे गेलं जरा," ते म्हणाले.

"जाऊ दे. दिसला ना?"

"दिसलं." त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसला. "छान दिसलं गं."

मी तर सरळ रडले. आबांनी मला त्यांचा रुमाल दिला, जो मला वाटतं त्या लुंगीचाच शिवलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडे पुन्हा भांडण. चहात आलं नव्हतं. काकूंनी तीन-चार सणसणीत टोमणे मारले, काका हरत आले. मी कप हातात धरून थांबले.

"तुझ्यापायी माझं..." काका सुरू झाले आणि अडकले.

मग आधी काकू हसल्या, मग काकाही. आणि मढवीकाकांनी, मी त्या भिंतीला कान लावल्यापासून पहिल्यांदाच, स्वतः उठून आलं किसून चहात घातलं.