आडनाव गिळलं तो दिवस

"बसा की मॅडम. ह्या बायकांना उभं ऱ्हायची सवय हाय."

कॉलेजच्या ऑफिसातल्या साहेबानं माझ्याकडं खुर्ची सरकवली. मी बसले.

माझ्या पाठीमागं सात बायका उभ्या होत्या. कॉलेजच्या कॅम्पसमध्ये कंत्राटावर साफसफाई करणाऱ्या. त्यांच्यात माझी आत्ती होती. माझ्या वडिलांची सख्खी बहीण. कोल्हापुरात शिकायला आले तेव्हापासून मी तिच्याच खोलीत राहते.

मी समाजकार्याचं शिकते. आमच्या विभागानं मला इंटर्नशिपसाठी सफाई कामगारांच्या युनियनकडं पाठवलं. बायकांना एकत्र बसवायचं, त्यांचं ऐकायचं, अर्ज लिहायचे, साहेबाला भेटायचं. कॅम्पस नेमका आत्तीचाच निघाला. मागणी एकच होती. सगळ्या इमारतींचे संडास ह्या बायका धुतात आणि त्यांना स्वतःला एकही वापरता येत नाही. धुऊन झालं की शिपाई कुलूप लावतो. एक संडास आमच्यासाठी उघडा ठेवा, एवढंच.

साहेबानं अर्ज वाचलाच नाही. म्हणाला, "गाव कुठलं तुमचं?"

"कोडोली."

"मग आमचंच पावणं की! आडनाव काय?"

आम्ही कोडोलीच्या बौद्धवाड्यातले. आमचं आडनाव ऐकलं की इकडं कुणाला पुढचं विचारावं लागत नाही. जिभेवर आलं होतं. गिळलं. नुसती हसले. त्यानं त्याला हवं ते धरलं.

"ह्यातली कोण ओळखीची हाय का?"

"नाही सर. फक्त युनियनचं काम."

आत्ती चार हातांवर उभी होती. तिनं ऐकलं.

साहेब मोकळा झाला. "तुम्ही आपल्यातल्या म्हणून सांगतो. ह्यांना आत सोडलं तर आपल्या पोरींना तिथं पाय ठेवू वाटणार न्हाई. जातच घाणीतली."

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच माहीत नाही. मग त्यानं सांगितलं तसं मी बैठकीच्या रजिस्टरात लिहिलं. 'चर्चा समाधानकारक झाली.' खाली माझी सही, नुसत्या नावाची.

निघताना मी शिपायाला बाथरूम विचारलं. त्यानं लगेच कुलूप काढलं. बायका बाहेर पॅसेजमध्ये थांबल्या होत्या. त्यांच्यासमोरून मी आत गेले. बाहेर आले तेव्हा आत्ती म्हणाली,

"निसरडं न्हवतं न्हवं? सकाळी म्याच घासलंय ते."

बस्स. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग ती पंपहाऊसच्या मागं निघाली. सकाळपासून दाबून धरलं होतं तिनं. मी मागोमाग गेले. "आडुसा धर," म्हणाली. मी ओढणी दोन्ही हातांनी ताणून उभी राहिले. पलीकडं पार्किंगमध्ये पोरं होती. एकानं शिट्टी मारली. पन्नाशीची माझी आत्ती ओढणीआड बसली होती, आणि हिला मी ओळखत नाही असं सांगून मी आले होते. मला कुठं बघावं कळेना.

घरी तिनं ताट वाढलं. मी ते तसंच झाकून ठेवलं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा बैठक. ह्या वेळी आमच्या विभागाच्या मॅडमही होत्या. साहेबानं खुर्ची दाखवली. मी बसले नाही. आवाज चिरका निघाला.

"सर, मागच्या वेळी मी खोटं लिहिलं. तुम्ही ह्या बायकांची जात काढली आणि मी गप्प बसले. ही माझी आत्ती. मी बौद्ध आहे."

आणि आडनाव सांगितलं. मोठ्यानं. मग रजिस्टर ओढून ते वाक्य खोडलं आणि तो जे बोलला होता ते जसंच्या तसं लिहिलं.

साहेबाच्या तोंडून 'मॅडम' गेलं. "तू इंटर्न हाईस, इंटर्नसारखी ऱ्हा." आमच्या मॅडम टेबलाकडं बघत राहिल्या.

चार दिवसांत माझी इंटर्नशिप रद्द झाली. कारण, 'गैरवर्तन'. मॅडम म्हणाल्या, माफीपत्र दे, शाहूपुरीतल्या एका ऑफिसात लावते, तिथं फाइलींचं काम आहे. मी दिलं नाही. वर्ष जाईल. जाऊ दे.

आत्ती अजून माझ्याशी मोजकंच बोलते. एकदा एवढंच म्हणाली, "तवाच सांगायचं हुतंस की." खरं आहे. दुसऱ्यांदा बोलले म्हणून पहिल्यांदाचं पुसलं जात नाही. ते माझ्याजवळ राहणार, आणि राहिलेलंच बरं.

कुलूप तसंच आहे. म्हणून बायकांनी ठरवलंय. सोमवारी कामावर यायचं, आवार झाडायचं, वर्ग झाडायचे, पण संडासाला हात लावायचा नाही. एकालाही नाही. साहेबाच्याही नाही. आमच्यासाठी एक दार उघडेपर्यंत ऑफिसच्या पायरीवर बसायचं. मी आत्तीच्या शेजारी बसणार आहे. उठवायला येतील त्यांनी आधी मला उठवावं.