उजेडाच्या जागेचे डाग

"लिखो डाक्टर साब, बस दो लाइन," असं म्हणत शेठजींनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. पेनाचं टोपणही त्यांनी स्वतःच काढून दिलं.

त्या दोन ओळी अशा लिहायच्या होत्या: कारखान्यातल्या तीन बायांना महारोग झाला आहे, त्यांना कामावर ठेवणं धोक्याचं आहे. खाली माझी सही. त्या तिघी बाहेर अंगणात कडुनिंबाखाली उभ्या होत्या. आत लांबलचक पडवीत बाकीच्या बाया मांडीवर तंबाखूचं सूप घेऊन बसल्या होत्या, पण सकाळपासून एकीनंही बिडी वळली नव्हती. त्या तिघींच्या हातचा तेंदूपत्ता आम्ही शिवणार नाही, असं त्यांनी कारखान्याच्या मुनीमजींना तोंडावर सांगितलं होतं.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं. मी नागपुरात डॉक्टरकी शिकून नुकताच इथे दवाखाना उघडला होता. पेशंटपेक्षा माशाच जास्त येत. अशात एका बिडी कारखान्याचं काम मिळालं म्हणून मी खुशीत होतो, आणि शेठजींना नाही म्हणायची माझी अजून हिंमत झाली नव्हती.

"बीमारी रांगेनं चालली आहे," मुनीमजी म्हणाले. हे मूळचे वर्ध्याकडचे, बोलायला नेमके. "आधी फुलवंताबाई. मग तिच्या शेजारची. मग तिच्या शेजारची. तिघी एकमेकींना खेटून बसतात. आता चौथीचा नंबर."

"और बीडी मुँह में जाती है," शेठजी म्हणाले. "बाहर बात गई तो कारखाना बंद."

त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. अशी बातमी बाजारात पोचायला तेव्हा टेलिफोन लागत नसे.

"आधी तपासतो," मी म्हणालो.

फुलवंताबाई साठीच्या घरातली. जवळच्याच कुडवा गावची. बिडी वळण्यात तिचा हात सगळ्यात साफ, असं मुनीमजीच सांगायचे. तिच्या डाव्या गालावर आणि दोन्ही हातांच्या पाठीवर तपकिरी डाग होते. मसुरीच्या डाळीएवढे, काही त्याहून मोठे, सपाट, कडा स्पष्ट. डाव्या हातावर मात्र त्यांच्यामध्येच चार-पाच पांढुरके, गुळगुळीत चट्टे होते.

महारोग, म्हणजे कुष्ठरोग, ओळखायची एक सोपी तपासणी आहे. त्या रोगाचा डाग बहुधा फिकट असतो आणि तिथली जाणीव गेलेली असते. पेशंटनं डोळे मिटायचे. डॉक्टरनं कापसाची वात करून तिचं टोक डागाला हळूच लावायचं. पेशंटनं बोटानं दाखवायचं, कुठे लागलं ते. त्याशिवाय कोपरामागे एक नस हाताला लागते, या रोगात ती दोरीसारखी जाड होते.

नस साधी होती. तपकिरी डागांवर फुलवंताबाईचं बोट दर वेळी अचूक पडलं. पांढऱ्या चट्ट्यांवर मी वात लावली. बाई डोळे मिटून बसून राहिली.

"लागलं?"

"लावा तं खरं."

मी लावलेलीच होती. दुसऱ्या चट्ट्यावर तेच, तिसऱ्यावर तेच. दुसऱ्या दोघींना नुसते तपकिरी डाग होते आणि कापूस बरोबर कळत होता, पण माझ्या डोक्यात मुनीमजींची रांग बसली होती. या दोघींची सुरुवात असेल, असं मी स्वतःला समजावलं.

"हे पांढरे कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाईपासून."

इथे मी आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. विचारला नाही. शिकून आलेल्या माणसाला आपल्याला सगळं कळलं असं फार लवकर वाटतं.

मी पेन उचललं. फुलवंताबाई माझ्या हाताकडे बघत होती. वाचता येत नसलं तरी कागदावर काय उमटणार आहे ते तिला माहीत होतं.

"लिवा बापा," ती म्हणाली. "घरी सुनेनं माहं ताट येगळं केलंच हाय. लेकरू मांडीवर देत नाई. दोन महिने झाले, मी नातीले दुरूनच पाहून राहिली. आता कागदावर बी येऊ द्या."

ती रडली असती तर मी कदाचित लिहून मोकळा झालो असतो. तिनं हे भाव सांगावा तसं सांगितलं, आणि माझं पेन काही चालेना. काचपट्टीची तपासणी झाल्याशिवाय सही करता येत नाही, दोन दिवस लागतील, असं मी शेठजींना सांगितलं. ते खरंही होतं. कानाच्या पाळीला आणि डागाला बारीकशी चीर द्यायची, तिथला रस काचेवर पसरायचा आणि मायक्रोस्कोपखाली रोगाचे जंतू शोधायचे.

"दो दिन," शेठजी नाराजीनं म्हणाले. "तीसरे दिन कागज चाहिए."

सरकारी दवाखान्यातल्या ओळखीच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी दुपारी फुलवंताबाईची काच पाहिली. जंतू नव्हते. मी खूश झालो, तर त्यांनी लगेच पाणी ओतलं. "जाणीव गेलेल्या डागात पुष्कळदा जंतू सापडतच नाहीत. काच कोरी आली म्हणून रोग नाही, असं होत नाही. आणि रोग असला तरी एवढं घाबरायचं काय? आता गोळ्या निघाल्यात. माणूस घरी राहून बरा होतो."

हे मलाही माहीत होतं. पण ते शेठजींना, मुनीमजींना आणि सूप घेऊन बसलेल्या त्या सगळ्या बायांना कसं पटवायचं?

तिसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढून मी कुडव्याला गेलो. फुलवंताबाईला आणखी एकदा पाहायचं एवढंच ठरवलं होतं. घर सापडायला त्रास पडला नाही. ज्या घराचं नाव घेताच सांगणारा दोन पावलं मागे सरकला, तेच घर.

ती अंगणात एकटीच बसली होती. पुढे खापरात निखारे. हातात दाभण, आणि दाभणाच्या टोकाला खोचलेला बिब्बा. निखाऱ्यावर धरल्यामुळे बिब्ब्यातून काळं तेल सुटत होतं. उजवा हात तिनं गुडघ्यावर पालथा ठेवला होता.

"काय करून राहिली बाई?" मी सायकल तशीच टाकून धावलो.

"हा हात रायला होता," ती म्हणाली.

मी दाभण हिसकावून घेतलं. बिब्बा आपल्याकडे घरोघरी असतो. पायाच्या भेगांना लावतात, काटा मोडला तर लावतात. पण त्याचं तेल कातडीवर पडलं की फोड येतो, कातडी जळते आणि खोल गेलं तर व्रण राहतो. जळालेल्या व्रणावर कापूस कळत नाही. कसा कळणार? कळवणारी कातडीच उरलेली नसते.

"डाव्या हातावर हेच लावलं होतं?"

"हो. दिवाईच्या आंधी. हे काळे डाग जाऊन नाई रायले म्हणून एकेक डागले. फोड आले, जीव जाते का रायते असं झालं. म्हणून हा हात सोडला. आता कामच जाऊन रायलं, तं म्हटलं हा बी साफ करून टाकू."

"मग मला परवा सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं कुठं?"

मी तिचा डावा हात उन्हात धरून पाहिला. प्रत्येक पांढऱ्या चट्ट्याच्या कडेला जुन्या तपकिरी डागाची किनार उरली होती. रोगानं पांढरं केलेलं एकही ठिकाण नव्हतं. मूळचे डाग होते साधे, वयाचे. उन्हात वर्षानुवर्षं काढलेल्या कातडीवर उतारवयात ते येतात. दुखत नाहीत, खाजत नाहीत, कुणाला लागत नाहीत. मी परवा तिला जवळजवळ गावाबाहेर काढलं होतं, तेही तिनंच केलेल्या औषधाच्या खुणांवरून. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

पण मुनीमजींची रांग उरली होतीच. एकीला, मग शेजारणीला, मग तिच्या शेजारणीला. हे कसं?

मी तसाच कारखान्यात गेलो. आठ वाजले असतील. पडवीचं दार पूर्वेकडे होतं आणि फुलवंताबाईची जागा अगदी दाराशी, रिकामी. तिच्या शेजारच्या दोन्हीही रिकाम्या. मी तिच्या जागेवर मांडी घालून बसलो. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. थोड्याच वेळात माझा डावा कान तापला, मग गाल. उन्हाचा पट्टा बरोबर तीन जागांवर पडत होता, चौथीपासून सावली.

"या जागा कुणाला देतात?" मी मुनीमजींना विचारलं.

"जुन्या कारागिरांना. इथे उजेड चांगला, पत्त्याची शीर दिसते, बिडी साफ येते. मानाची जागा आहे. वीस वर्षं झाली असतील फुलवंताबाईला. मग बाकीच्या दोघी, वयाप्रमाणे."

"म्हणजे सगळ्यात म्हातारी सगळ्यात जास्त उन्हात. मग तिच्याहून लहान. मग तिच्याहून लहान."

मुनीमजींनी त्या तीन जागांकडे एकेक करून पाहिलं. हिशेबी माणूस, त्यांना बोट धरून पुढे न्यावं लागलं नाही.

मी तिघींना बोलावणं पाठवलं. त्या येऊन अंगणात उभ्या राहिल्या तेवढ्यात शेठजी टांग्यातून उतरले.

"कागज?"

"तपास पूर्ण झाला नाही. एक माणूस राहिलंय."

"कौन?"

"तुम्ही."

सगळी पडवी कान टवकारून ऐकू लागली. मी शेठजींना सगळ्यांसमोर खुर्चीवर बसवलं आणि त्यांचा हात पालथा केला. शेठजींचीही साठी उलटली होती. रोज टांग्यावर लगाम धरून येणारे ते हात. तेच तपकिरी डाग, मसुरीएवढे, काही त्याहून मोठे.

"शेठजी, हे कशाचे?"

"ये?" ते हात मागे घेत म्हणाले. "ये तो उमर के दाग हैं."

मग कडुनिंबाखालून फुलवंताबाईचा आवाज आला.

"आन् आमचे कायचे होत, शेठजी?"

पडवीत हसू फुटलं. शेठजी आधी लाल झाले आणि मग, त्यांचं कौतुक करायला हवं, स्वतःही हसले. मी त्यांच्या हातावर कापूस लावून दाखवला, मग तिघींच्या. बिब्ब्याची गोष्ट सांगितली. सांगताना तीन-चार जणींनी आपापले हात पदराखाली नेले, त्यावरून हा उद्योग एकट्या फुलवंताबाईचा नव्हता हे मला कळलं.

मग मी कागदावर दोन ओळी लिहिल्या. या तिघींना संसर्गाचा कोणताही रोग नाही. दाराला सकाळी दहापर्यंत बांबूचा तट्टा लावावा.

तट्टा त्याच आठवड्यात लागला. उजेड येईल, ऊन येणार नाही, असा तिरका. जागा आळीपाळीनं बदला असंही मी सुचवलं होतं, पण तिघींनीही साफ नकार दिला. "जागा नाई सोडू. तट्टा लावा का छत घाला." शेतावर जाताना पदर गालावरून घ्यायचा, भर दुपारचं ऊन टाळायचं, हे मी सांगितलं. आलेले डाग जात नाहीत, नवे कमी येतात, हेही स्पष्ट सांगितलं. बाजारात मिळणारी गोरेपणाची मलमं लावू नका, त्यात पारा असतो. एखादा डाग वाढू लागला, त्यातून रक्त आलं, किंवा बिब्बा न लावताही तिथे कापूस कळेना, तर मात्र तडक या.

आठवड्याभरानं फुलवंताबाई दवाखान्यात आली. सोबत सून होती, कडेवर वर्षभराची नात. सून दारातच उभी राहिली.

"हे माही सासू म्हणते, काही नाई," ती म्हणाली. "कारखान्यातले बी म्हणते. पण लहान लेकरू हाय डाक्टर. मले कसं समजन?"

मला तिचा राग आला नाही. कागद तिला वाचता येत नव्हता आणि भीती खरी होती. मी कापसाची वात करून तिच्याच हातात दिली. "तूच पहा. डोळे मिटल्यावर बरोबर दाखवते का."

तिनं लेकरू माझ्या टेबलावर बसवलं. सासूच्या जवळ गेली. हात लांब ठेवून उजव्या हातावरच्या एका डागाला वात लावली.

"इथं," फुलवंताबाई डोळे मिटून म्हणाली.

दुसऱ्या डागाला.

"इथं."

तिसऱ्या वेळी हात हलू नये म्हणून सुनेनं सासूचं मनगट धरलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा. फुलवंताबाईचे डोळे मिटलेलेच होते आणि त्यांतून पाणी यायला लागलं. सून एकेक करून सगळे डाग तपासत राहिली, गालावरचेसुद्धा. मग तिनं वात खाली ठेवली आणि टेबलावरची पोर उचलून सासूच्या मांडीवर दिली. मी रजिस्टरात काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

पुढे तीस-पस्तीस वर्षं दवाखाना चालवला. कातडीवरचं काहीही घेऊन पेशंट आला की मी आधी विचारत असे, घरी काय काय लावून झालं? सगळे म्हणत, काहीच नाही. मग मी पेन खाली ठेवून वाट बघत असे. बहुतेक जण दुसऱ्या मिनिटाला सांगत.