माफी देणारा फिटर

"मफी मोया! मफी मोया!"

प्राध्यापकसाहेब ओरडत जिना उतरले, तेव्हा त्या आवाजाने बहरीनच्या ईसा टाउनातल्या कबुतरांनी थेट सौदी गाठली. नळाला पाणी नव्हतं. अरबीत मफी म्हणजे नाही, मोया म्हणजे पाणी. ऐंशीच्या सुमाराला एवढं तर तिथल्या मांजरांनाही कळायचं.

आमच्या फिटरला मात्र नाही. मालवणाकडच्या त्या गड्याने पाना बगलेत मारला, साहेबांच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला आणि म्हणाला, "आसांदे, सायबानू. माफ केलंय." आसांदे, म्हणजे असू दे.

मफी लाईट, मफी चावी, मफी बर्फ! त्याला वाटायचं, अख्खं विद्यापीठ येता-जाता आपली माफी मागतंय. केवढी सुसंस्कृत माणसं! आणि हा पठ्ठ्या सगळ्यांना माफ करत सुटलेला.

आता तुम्हीच सांगा मंडळी, माणसाने जळायचं नाही तर काय करायचं? माझी अरबी अशी की उंटसुद्धा उच्चार विचारायला थांबायचे. आणि मी कुठे? छतावर, टाक्यांपाशी. तिथे चहाला चूल लागत नसे, टाकीत पत्ती टाकली की झालं. आम्हा दुरुस्तीवाल्यांचं स्वप्न एकच, ग्रंथालयातली जागा. एसीची देखभाल करायची, म्हणजे एसीत बसायचं. ती जागा नुकतीच रिकामी झाली होती, आणि ती माझीच होती म्हणा ना!

तर त्या दिवशी साहेबांनी मला खाली हाक मारली. "ये क्या बोलता?"

मी अस्सल अरबीत सांगितलं, "तो म्हणतो, त्याने तुम्हाला माफ केलं." आणि मागे सरलो. त्याचं परतीचं तिकीट चुकून माझ्या अंगावर पडायला नको.

साहेब हसले. इतके हसले की डोक्यावरचा रुमाल गळ्यात आला, चष्मा बादलीत. मग वाकून चष्मा उचलला. "घर में कोई माफ नहीं करता," म्हणाले.

तेव्हापासून पाणी असलं तरी साहेब यायचे. हळूच "मफी मोया" म्हणायचे, माफ होऊन जायचे. ग्रंथालयाची जागा कोणाला मिळाली, ते आता मी सांगू? काचेआडून तो मला हात करायचा. अंगात स्वेटर! बहरीनमध्ये, भर जूनमध्ये! माझ्या पोटात जी आग पडली, तिच्यावर तिथला तेलाचा कारखाना महिनाभर चालला असता.

एकदा खोलीवर मी उसळलोच. "अरे, मफी म्हणजे काय, माहीत तरी आहे का तुला?"

"म्हायत आसा मा," तो भाकरी मोडत म्हणाला. "तुका पण माफ केलंय."

पुढे सुट्टीवर गावी गेला, तो परतलाच नाही. जागा मला मिळाली. स्वेटर खुर्चीवर तसाच होता.

एके दिवशी साहेब आले. हळूच म्हणाले, "मफी मोया." मी उठून नळ सोडला. धो धो पाणी. साहेब हलेनात.

"वो किधर? कब आएगा?"

"आसांदे" अगदी ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

"मफी," मी म्हणालो.